वर्गणी, फी आणि मुलांची तब्येत

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यवाहांनी विषय विचारला तेव्हा आम्ही "विद्यापीठाची फी" असे सांगितले. ते क्षणभर गप्प झाले. मग हळूच म्हणाले, "साहेब, लोक प्रसादापर्यंत थांबतील ना?" थांबाल अशी आशा आहे. कारण इथे बसलेल्या बहुतेक घरांतले एखादे लेकरू आज कुठल्या ना कुठल्या वसतिगृहात आहे. कोणी कलबुर्गीला, कोणी बीदरला, कोणी उदगीर, लातूर, नांदेड, सोलापुरात. आणि मोबाईल रात्री अकरानंतर वाजला की आईच्या पोटात गोळा येतो, हे सांगायला व्याख्यात्याची गरज नाही.

आम्ही प्राध्यापक नाही, डॉक्टरही नाही. डिप्लोमा करून राज्य सरकारच्या नोकरीत लागलो, त्याला वीस वर्षे होऊन गेली. आमचा सगळा अभ्यास पावत्या, चलने आणि मंजुरीचे कागद एवढाच. तेव्हा पावतीपासूनच सुरुवात करतो.

प्रवेशाच्या दिवसांत घरी फीची पावती येते. शिकवणी फी, प्रयोगशाळा, ग्रंथालय, क्रीडा, ओळखपत्र, रेडक्रॉस, विद्यार्थी कल्याण निधी अशी लांबलचक यादी असते. त्या यादीत मध्येच कुठेतरी एक ओळ असते, "वैद्यकीय तपासणी". आमच्या पाहण्यात आलेल्या पावत्यांवर या ओळीपुढची रक्कम इतकी लहान होती की त्या पैशात आज तापाच्या गोळ्यांची पट्टी आणि एक चहा, एवढेच येईल. तेवढ्या पैशात जेवढे मिळायचे तेवढेच मुलांना मिळते. पहिल्या वर्षी कोणीतरी उंची-वजन लिहून घेते. पुढच्या वर्षांत ती ओळ पावतीवर राहते, उंची-वजनही कोणी विचारत नाही.

ही फी वाढवावी आणि त्यातून विद्यापीठाच्या आवारात खरी आरोग्यसेवा चालवावी, असे कोणी म्हटले की पहिल्याच वाक्याला आवाज चढतात. 'फीवाढ' हा शब्दच असा आहे. आम्हीही पालक आहोत, आमचाही हात लगेच खिशाकडे जातो. तरी आम्ही आज फीवाढीच्या बाजूने बोलायला उभे आहोत. मात्र काही अटी घालून. त्या अटी ऐकल्याशिवाय कोणी टाळ्याही वाजवू नयेत आणि उठूनही जाऊ नये.

आधी आपला मुलूख पाहू. 1956 पर्यंत आपण हैदराबाद राज्यात होतो. आपल्या आजोबांच्या पिढीतला जो कोणी पदवीपर्यंत पोचला, त्याच्या प्रमाणपत्रावर उस्मानियाचा शिक्का असे. मग राज्य बदलले, धारवाड आले. गुलबर्ग्याला (नाव बदलले तरी जुन्या जिभेला गुलबर्गाच येते) 1970 साली धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाचे पदव्युत्तर केंद्र निघाले आणि 1980 साली त्याचेच गुलबर्गा विद्यापीठ झाले. 2009 मध्ये आळंद तालुक्यात कडगंचीला केंद्रीय विद्यापीठ आले. 2023 पासून बीदरला स्वतःचे विद्यापीठ आहे, तेही शहरात नाही तर भालकी तालुक्यात हालहळ्ळीला. राज्यातली जी नवी विद्यापीठे निघाली, त्यांपैकी नऊ बंद करावीत आणि बीदरचे तेवढे ठेवावे, अशी शिफारस 2025 च्या फेब्रुवारीत मंत्रिमंडळाच्या उपसमितीने केली होती. म्हणजे आपले वाचले. पण नव्या विद्यापीठांची तिजोरी किती भरलेली आहे, हे त्या बातमीवरूनच कळले.

आता गंमत पाहा. ज्ञानगंगा परिसर असो, कडगंची असो की हालहळ्ळी, सगळीकडे मुले गावाबाहेर आणि मोठी इस्पितळे गावात. वैद्यकाची आपल्याकडे वाण नाही. कलबुर्गीत महादेवप्पा रामपुरे वैद्यकीय महाविद्यालय 1963 पासून आहे, पुढे सरकारी आले, ईएसआयसीचे आले. बीदरला 2007 पासून ब्रिम्स आहे. 2008 पासून 108 ला फोन केला की रुग्णवाहिका येते. मोठा अपघात झाला, शस्त्रक्रिया करायची आहे, तर आपण उघड्यावर नाही. पण विसाव्या वर्षी मुलांना होते काय? ताप. कावीळ. जुलाब. खानावळीच्या जेवणाने बिघडलेले पोट. मुलींचे रक्त कमी होणे, पाळीचा त्रास. परीक्षेच्या आधी झोप उडणे. घरची आठवण, प्रेमभंग, नापास होण्याची धास्ती. यातल्या कशालाही शस्त्रक्रिया लागत नाही. लागतो तो एक माणूस, जवळ, वेळेवर.

आमच्या नात्यातल्या एका मुलीचे सांगतो. कुठल्या वसतिगृहात, ते सांगण्याची गरज नाही, कारण हे कुठेही झाले असते. तिला तीन दिवस ताप होता. खोलीतल्या मैत्रिणींनी आपल्या जवळच्या गोळ्या दिल्या. आवारातल्या आरोग्य केंद्राला कुलूप, कारण डॉक्टर आठवड्यातून ठरावीक वारीच येत. चौथ्या रात्री मुलींनीच रिक्षा करून तिला सरकारी दवाखान्यात नेले. टायफॉइड निघाला. मुलगी बरी झाली, आज नोकरीला आहे. पण तिची आई अजून विचारते, "तीन दिवस तिथल्या एकाही मोठ्या माणसाला कसे कळले नाही?" आम्ही नोकरीत पुष्कळ चौकशा पाहिल्या आहेत. या प्रश्नाचे उत्तर चौकशीत सापडत नाही. तिथे मोठा माणूस नेमलेलाच नव्हता, एवढेच उत्तर आहे.

कोणी म्हणेल, सरकारच्या योजना आहेत की. आहेत. आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजनेत दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार मिळतात. बाकीच्यांना ठरलेल्या खर्चाच्या 30 टक्के, दीड लाखाच्या मर्यादेत. पण ही योजना मुख्यतः इस्पितळात दाखल होणाऱ्यासाठी. ताप तपासून घ्यायला, दोन शब्द बोलायला ती नाही.

आणि आपल्या सीमेवरच्या लोकांचे दुखणे आणखी वेगळे. औरादचा मुलगा उदगीरला शिकतो, अक्कलकोटची मुलगी कलबुर्गीला. एकाचे रेशनकार्ड या राज्यातले, कॉलेज त्या राज्यातले. 2023 साली महाराष्ट्र सरकारने महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या 865 गावांना लागू करायचे ठरवले, त्यासाठी 54 कोटी रुपये मंजूर केले. कर्नाटक सरकारने त्याला जोरदार हरकत घेतली. आठवत असेल, आठवडाभर वर्तमानपत्रांत दुसरे काही नव्हते. त्या भांडणात आम्ही शिरणार नाही. आमचा पगार बेंगळूरूच्या खजिन्यातून येतो आणि आईशी आम्ही मराठीत बोलतो, दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण त्या प्रकरणातून एक कळले. योजनेचा हात कुठे पोचेल, हे गावाच्या नावावर आणि कार्डावर ठरते. फी भरून चालवलेल्या दवाखान्यात मुलाला एकच विचारतात, ओळखपत्र आहे का? तिथे औरादही नाही, उदगीरही नाही. आपल्यासारख्यांना याची किंमत इतरांपेक्षा जास्त कळायला हवी.

लहान रकमेतून मोठे काम होते, याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. 2003 साली सहकारी संस्थांच्या शेतकरी सभासदांसाठी यशस्विनी योजना सुरू झाली. माणशी वर्षाला 60 रुपये, म्हणजे महिन्याला 5. वर सरकारची मदत. त्यातून शेतकऱ्यांच्या हृदयाच्या शस्त्रक्रिया झाल्या. इथे बसलेल्या काही काकांनीही त्या कार्डाचा लाभ घेतला असेल. मात्र दोन वर्षांतच वर्गणी 60 वरून 120 केली आणि सभासद लाखांनी कमी झाले. रक्कम अजूनही कमीच होती. पण ज्याने दोन वर्षे भरले आणि ज्याच्या घरात कोणी आजारी पडले नाही, त्याला दुप्पट का, हे कोणी समजावले नाही. 2018 मध्ये योजना थांबली, 2022-23 मध्ये पुन्हा सुरू झाली. फी वाढवणाऱ्या प्रत्येक कुलसचिवाने यशस्विनीची ही दोन वर्षे टेबलावर काचेखाली ठेवावीत.

दुसरे उदाहरण दूरचे आहे, कोलकात्याचे. तिथे 1952 साली स्टुडंट्स हेल्थ होम निघाले. विद्यार्थी आणि काही डॉक्टर यांनी मिळून काढले. शाळा-कॉलेजे सभासद होतात, दर विद्यार्थ्यामागे वर्षाला अगदी नाममात्र वर्गणी जमा होते, आणि त्यातून मौलाली भागात विद्यार्थ्यांचे स्वतःचे इस्पितळ उभे राहिले, जिल्ह्यांतही केंद्रे निघाली. बंगाली माणूस चळवळ्या खरा, पण हिशेबालाही कच्चा नाही.

या कोलकात्याच्या गोष्टीत आमच्या मते खरी किल्ली आहे. जरा आकडे मांडू. समजा विद्यापीठाच्या आवारात 3000 मुले आहेत आणि आरोग्याची फी 300 रुपये केली. वर्षाला 9 लाख, महिन्याला 75 हजार. यात पूर्ण वेळ डॉक्टर आणि वर औषधे बसत नाहीत. पण संध्याकाळी दोन तास येणारा डॉक्टर, दिवसभर थांबणारी एक परिचारिका आणि आठवड्यातून दोनदा येणारा समुपदेशक, एवढे ओढूनताणून बसेल. आता भालकी किंवा औरादचे एखादे पदवी कॉलेज घ्या. मुले 200. तेच 300 रुपये घेतले तर वर्षाचे 60 हजार, महिन्याचे 5 हजार. यात कोण येईल? कोणीच नाही. मग ते पैसे जातात कुठे? वजनकाटा, रक्तदाब मोजायचे यंत्र, कपाट, कपाटाला कुलूप आणि उद्घाटनाचा फलक.

म्हणून आमचे म्हणणे असे, की कॉलेजागणिक फी वाढवून काही होणार नाही. तालुक्यातल्या वीस लहान कॉलेजांनी एकत्र येऊन एक निधी करावा. 4000 मुले, 12 लाख रुपये, महिन्याला एक लाख. मग एक परिचारिका आणि एक समुपदेशक आठवड्यातून ठरलेल्या वारी प्रत्येक कॉलेजात जाऊ शकतात. गुरुवारी बाई येतात, हे मुलींना पाठ होते. तो गुरुवार चुकता कामा नये.

इथे आमच्या नोकरीतला एक अनुभव सांगतो. सरकारात इमारत मंजूर होते, पद मंजूर होत नाही. भिंतीला पैसा मिळतो, माणसाला मिळत नाही. कारण भिंत एकदा बांधली की काम संपले, माणसाला दर महिन्याला पगार लागतो. आपल्या भागासाठी घटनेचे 371 (जे) कलम आले, त्यातून प्रादेशिक विकास मंडळ आले. अलीकडच्या अर्थसंकल्पांत त्या मंडळासाठी वर्षाला 5000 कोटींची घोषणा असते. तेव्हा खोली, खाटा, रुग्णवाहिका मागायची ती त्या मंडळाकडे मागावी. मुलांच्या फीतला एक रुपयाही सिमेंटमध्ये जाऊ नये. तो पगारात आणि गोळ्यांतच जावा. ही आमची पहिली अट.

दुसरी अट हिशेबाची. आपल्या मंडळाचेच पाहा ना. वर्गणी आणि फी यांत फरक काय? वर्गणी मागायला आलेला पोरगा आपल्या गल्लीतला असतो, पावती फाडून देतो, आणि विसर्जनानंतर हिशेब फलकावर लागतो. मांडवाचे किती, लाऊडस्पीकरचे किती, शिल्लक किती. एखाद्या वर्षी लावायला उशीर झाला तर आपले ज्येष्ठ काय करतात, ते कार्यवाहांना विचारा! आरोग्याची फी वेगळ्या खात्यात जावी, आणि तिचा हिशेब दर सहामाहीला वसतिगृहाच्या जेवणघरात लागावा. किती मुले तपासली, औषधांना किती गेले, शिल्लक किती. देखरेखीच्या समितीत दोन विद्यार्थी असावेत आणि त्यांतली एक मुलगी असावीच.

आमच्या एका ज्येष्ठ गुरुजींना हे पटत नाही. ते म्हणतात, "आरोग्य हे सरकारचे काम. मुलांकडून पैसे घेतले की सरकार हात झटकणार." गुरुजींचे म्हणणे खोटे नाही. आम्ही सरकारच्या आत बसतो, हात कसे झटकतात ते रोज पाहतो. पण सरकारी नोकरांचेच उदाहरण घ्या. आमच्यासाठी आरोग्य संजीविनी योजना आली, तिच्यासाठी दरमहा पगारातून वर्गणी कापायचे ठरले. ए गटाला 1000, बी गटाला 500, सी गटाला 350, डी गटाला 250. कचेरीत चहाच्या वेळी पुष्कळ कुरकुर झाली. तरी एक गोष्ट सगळ्यांना पटली, की साहेबाचे आणि शिपायाचे सारखे घेतलेले नाही. ज्याचे जास्त त्याचे जास्त. मुलांच्या फीत मात्र बंगलेवाल्याचा मुलगा आणि शेतमजुराची मुलगी यांना एकच आकडा. हे बदलले पाहिजे. ज्यांना शिष्यवृत्तीतून फी परत मिळते, त्यांच्यासाठी ही वाढीव ओळ शिष्यवृत्तीतच धरावी, नाहीतर माफ करावी. आणि विद्यार्थ्यांच्या प्रत्येक रुपयाला विद्यापीठाने आपला एक रुपया घालावा. मग हात झटकणे तेवढे सोपे राहणार नाही.

फी कधी घ्यायची, हाही प्रश्न आहे. विद्यापीठाचे वर्ष जून-जुलैत सुरू होते. त्या वेळी आपल्या शेतकऱ्याचे सगळे पैसे जमिनीत गेलेले असतात, बियाणे, खत, फवारणी. मूग-उडीद निघतात गणपतीच्या आसपास, सोयाबीन दसरा-दिवाळीच्या सुमारास, आणि ज्या तुरीसाठी कलबुर्गीचे नाव देशभर आहे ती घरात येते संक्रांतीच्या आगेमागे. मग आरोग्याची फी दोन हप्त्यांत का घेऊ नये? अर्धी प्रवेशाला, अर्धी संक्रांतीनंतर. तेच 300 रुपये जुलैत जड असतात आणि जानेवारीत हलके. हे बेंगळूरूला बसून सुचणार नाही, आपणच सांगावे लागेल.

आता मनाच्या आजाराविषयी. आपल्या घरांत अजून हा विषय दबक्या आवाजात निघतो. 2025 च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांच्या संदर्भात मार्गदर्शक सूचना दिल्या. 100 किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा, ही त्यांतली एक. सूचना आली, पण पगार कुठून? तेव्हा हा फीचा प्रश्न आज ना उद्या आपल्या दारात येणारच आहे. 14416 हा टेलिमानसचा फोन 2022 पासून आहे, मोफत आहे, तो नंबर आजच मुलांच्या मोबाईलमध्ये घाला. पण फोनवरचा आवाज आणि समोर बसलेली बाई यांत फरक आहे.

आणि ती बाई कोणत्या भाषेत बोलेल? आपल्याकडची मुलगी कॉलेजात इंग्रजी वाचते, बाजारात कन्नड बोलते, मैत्रिणींशी दखनी आणि घरी मराठी. "जीव घाबरा होतो", "मन लागत नाही", "पोटात कालवल्यासारखे होते" हे ती ज्या भाषेत बोलेल, त्याच भाषेत ऐकणारे कोणी हवे. कन्नड यायलाच हवे, ती राज्याची भाषा आहे आणि आमच्या पोटाचीही. पण औराद, भालकी, बसवकल्याण, आळंदच्या कॉलेजांसाठी माणूस नेमताना मराठी आणि दखनी समजणारा असावा, असे जाहिरातीत एक वाक्य घालायला कोणाचे काय जाते? वाद न घालता, अर्ज करून मागण्यासारखी ही गोष्ट आहे.

वैद्यकीय महाविद्यालयांचाही विचार व्हावा. त्यांच्या शिकाऊ डॉक्टरांना सामाजिक वैद्यकासाठी गावांत पाठवतातच. त्यांतला एक गट आठवड्यातून एक दिवस विद्यापीठाच्या वसतिगृहात बसवला तर त्यांचेही शिक्षण होईल आणि आमच्या मुलींचे हिमोग्लोबिनही मोजले जाईल. याला एका पत्रापलीकडे फार काही लागत नाही.

कामाचे सांगून थांबतो. या सगळ्या मुद्द्यांचे एक निवेदन आम्ही तयार केले आहे, मराठीत आणि कन्नडमध्ये. वेगळे खाते, सहामाही हिशेब, तालुक्याचा एकत्र निधी, दोन हप्ते, गरिबांना माफी, भाषेची अट. ते दोन्ही विद्यापीठांच्या कुलगुरूंना द्यायचे आहे. सही पालक म्हणून करायची आहे, मंडळ म्हणून नाही. आम्हीही पालक म्हणूनच केली आहे, त्यामुळे कचेरीत कोणी काही विचारले तरी अडचण नाही. निवेदन आरतीच्या ताटाशेजारच्या टेबलावर ठेवले आहे. सही करताना पुढच्या रकान्यात मुलगा किंवा मुलगी कुठल्या गावी शिकते तेवढे लिहा, मुलांची नावे लिहू नका. आणि ज्या वहिनींची मुले यंदाच वसतिगृहात गेली आहेत, त्यांनी आज रात्री फोनवर एवढेच विचारावे, की तिथला डॉक्टर कोणत्या वारी येतो. जे उत्तर मिळेल ते उद्या आम्हाला सांगा, निवेदनाला जोडायचे आहे.